चष्मा घरी राहिलाय, जरा वाचून सांगता?

ताई,

हे पत्र मी मोबाइलवर बोलून लिहिलंय आणि बायकोने तपासलंय. माझं वय ४१. एका कारखान्यात मेंटेनन्सला वायरमन आहे. दहावी तिसऱ्या खेपेला निघाली, मग आयटीआय केलं. पॅनल उघडला की बिघाड कुठे आहे ते मला कळतं, पण कुणी कागद हातात दिला की घाम फुटतो. बँकेत, रेशनच्या दुकानात, शाळेच्या मीटिंगला मी म्हणतो, ‘चष्मा घरी राहिलाय, जरा वाचून सांगता?’ मला चष्माच नाही. हे फक्त बायकोला माहीत आहे.

आता काळजी लेकीची. नऊ वर्षांची आहे, सेमी इंग्लिशला चौथीत. तोंडी हिशेब पटापट करते, गोष्ट एकदा ऐकली की जशीच्या तशी सांगते. वाचायला बसवलं की पहिलं अक्षर बघून काहीतरी ठोकून देते. ‘मदत’चं ‘मदन’, ‘गवत’चं ‘गरम’. जोडाक्षर आलं की थांबतेच. डोळे तपासले, नजर चांगली आहे. बाई म्हणतात लक्ष नाही, रोज दहा पानं वाचून घ्या. घेतो. रोज रडारड होते, परवा तिच्या आईचा हात उठला. माझी आई म्हणते, ‘बापावर गेलीय.’

एका क्लासवाल्याने मेंदू जागृत करण्याचा कोर्स सांगितलाय. डोळ्यांवर पट्टी बांधून पोरं वाचतात म्हणे. फी वीस हजार. शाळेतल्या दुसऱ्या एक बाई म्हणाल्या, टेस्ट करून सर्टिफिकेट काढा. बायको घाबरली. मुलीवर शिक्का बसला तर उद्या लग्नाचं काय?

आणि माझं. साहेब सुपरवायझर करतो म्हणतात. रोज शिफ्टचा रिपोर्ट लिहावा लागेल, म्हणून मी टाळत आलोय. हे माझ्यामुळे झालं का? सर्टिफिकेट काढू का? आणि या वयात माझं काही होईल का?

— एक वायरमन, सातारा जिल्हा

दादा,

पहिला प्रश्न आधी घेते, कारण बाकीचे दोन त्याच्यापाशी अडून बसलेत. हो, हे तुमच्याकडून आलेलं असू शकतं. डिस्लेक्सिया, म्हणजे बुद्धी आणि नजर ठीक असूनही वाचायला जड जाणं, घराण्यात चालतो. आई किंवा वडिलांना असेल तर मुलाला असण्याची शक्यता इतर मुलांपेक्षा बरीच जास्त असते. त्यामागे पुष्कळ जनुकं असतात आणि त्यांतलं कुठलं कुणाला द्यायचं हे कुठल्याही बापाच्या हातात नसतं. तुमचं नाक तिला मिळालं असतं तर तुम्ही तिची माफी मागायला गेला नसतात. लहानपणी मोबाइल दिला, आईने वेळ दिला नाही, बालवाडीत उशिरा घातलं, यातल्या कशानेही डिस्लेक्सिया होत नाही.

पत्रावरून निदान होत नाही, त्यामुळे लेकीला तो आहेच असं मी म्हणणार नाही. पण नजर ठीक, तोंडी हिशेब चांगला, ऐकलेलं लक्षात राहतं, छापील शब्दाशी मात्र झटापट, आणि घरात आधी एकाला हेच झालेलं, एवढं एकत्र दिसल्यावर तपासणी न करणं चूक ठरेल.

१८९६ साली इंग्लंडातल्या ससेक्स परगण्यातले डॉक्टर प्रिंगल मॉर्गन यांनी ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये पर्सी नावाच्या एका मुलाबद्दल लिहिलं. वय १४, हुशार, खेळात कुणाच्या मागे नाही, अंकगणित आवडीचं. वर्षानुवर्षं शाळा आणि शिकवणी होऊनही लहान लहान शब्द वाचताना अडायचा. स्वतःचं नाव लिहितानासुद्धा अक्षरांची अदलाबदल करून ‘प्रेसी’ लिहायचा. त्याच्या शिक्षकाचं म्हणणं होतं की सगळं शिकवणं तोंडी असतं तर हा शाळेतला सर्वांत हुशार मुलगा ठरला असता. तुमच्या लेकीच्या बाईंनी हे वाचायला हवं. ‘लक्ष नाही’ हा शेरा सव्वाशे वर्षांपूर्वीच्या त्या मास्तरांनीसुद्धा मारला नव्हता.

आता हे होतं कसं ते सांगते. बोलणं मूल आपोआप शिकतं, वाचणं कुणालाच आपोआप येत नाही. ‘कमळ’ ऐकलं की फूल डोळ्यांपुढे येतं, शब्दाचे तुकडे करायची गरज पडत नाही. वाचताना मात्र तो शब्द फोडून प्रत्येक आवाजाला त्याची खूण जोडावी लागते, आणि ही जोडणी इतक्या वेळा व्हावी लागते की पुढे ती विचार न करता व्हावी. डिस्लेक्सियात अडचण बहुतेक वेळा इथेच असते. आवाज सुटे करणं, ते क्रमाने धरून ठेवणं, खूण दिसताच आवाज चटकन आठवणं हे मेंदूला जड जातं. डोळ्यांना अक्षरं उलटी दिसतात हा समज खरा नाही. सहा-सात वर्षांपर्यंत पुष्कळ मुलं अक्षरं उलटी काढतात आणि त्यांतली बहुतेक पुढे व्यवस्थित वाचतात. बुद्धी कमी असते हा समजही तितकाच खोटा.

लेकीला तोंडी विचारून बघा: ‘कमळ’मधला ‘क’ काढला तर काय उरतं? ‘पालक’मधला ‘ल’ काढला तर? कागद-पेन्सिल नको, फक्त कानावर. चौथीतल्या मुलीला हे खेळासारखं जमायला हवं. अडली तर तिला काही बोलू नका, तारीख घालून लिहून ठेवायला बायकोला सांगा. तपासणी करणाऱ्यांना अशा नोंदींचा उपयोग होतो.

मराठीच्या बाबतीत एक घोटाळा होतो, तो समजून घ्या. इंग्रजीत सी-यू-टी कट आणि पी-यू-टी पुट. मराठीत ‘क’ला काना दिला की कुठेही ‘का’च. त्यामुळे डिस्लेक्सिया असलेलं मराठी मूल झगडून झगडून शेवटी बऱ्यापैकी बरोबर वाचायला लागतं, पण फार सावकाश. आणि सावकाश वाचणाऱ्याला आपल्याकडे आळशी म्हणतात. २००१ साली इटालियन, फ्रेंच आणि इंग्रजी बोलणाऱ्या, डिस्लेक्सिया असलेल्या तरुण विद्यार्थ्यांचा एक अभ्यास झाला. इटालियनमध्ये जसं लिहिलं तसंच वाचायचं असतं, आपल्यासारखं. तिथले विद्यार्थी वाचनात बाकीच्यांपेक्षा बरे निघाले. पण वाचताना डाव्या मेंदूतला जो भाग कमी काम करत होता, तो तिन्ही देशांत एकच होता. सरळ लिपीमुळे अडचण झाकली गेली होती, गेली नव्हती. तुमची दहावी तिसऱ्या खेपेला का निघाली, आणि तोवर तुम्ही कुणाच्या लक्षात का आला नाहीत, याचं बरंचसं उत्तर मला यात दिसतं.

आणि सरळ म्हटली तरी देवनागरी काही फार भोळी नाही. ‘कि’ म्हणताना आधी ‘क’ येतो, पण कागदावर पहिली वेलांटी त्याच्या आधी उभी असते. ‘सूर्य’मधला र डोक्यावर, ‘चक्र’मधला पायाशी, ‘ट्रक’मधला वेगळा, ‘दऱ्या’मधला आणखी निराळा. घ आणि ध, भ आणि म, थ आणि य यांत फरक तो केवढा! जोडाक्षरांचं तर विचारूच नका. आपल्यासारखीच घडण असलेल्या कन्नड लिपीवर सोनाली नाग यांनी काम केलंय. त्यात दिसतं की सगळी अक्षरं पक्की व्हायला एरवीच्या मुलांनाही चौथी-पाचवी उजाडते. म्हणून पहिली-दुसरीतल्या मुलाला घाईने नाव ठेवू नये असंच मी सांगते. तुमची लेक मात्र चौथीत आहे आणि ‘मदत’सारखे बिनजोडाक्षरी शब्दही अंदाजाने वाचतेय. होईल सावकाश, असं म्हणण्याची वेळ गेली.

ती दहा पानं आजपासून बंद करा. जे जमत नाही तेच रोज दहा पानं करून घेतलं की वाचन सुधारत नाही, वाचनाची भीती तेवढी पक्की होते. त्याऐवजी रोज पंधरा-वीस मिनिटं, ठरल्या वेळी, आणि रडू यायच्या आत थांबायचं. बाराखडी चालीवर म्हणून घेऊ नका. चालीवर पाठ केलेल्या मुलांना ‘कु’ सुटा दाखवला की ती मनात ‘क का कि की’ म्हणत तिथपर्यंत येतात. एका वेळी एकच चिन्ह घ्या, समजा पहिला उकार. कु, मु, सु, गु अशी कार्डं करा, क्रम सारखा बदलत दाखवा. तोंडाने आवाज काढत परातीतल्या रव्यात बोटाने ते अक्षर काढू दे. मग त्याचे शब्द: कुठे, मुलगा, सुई. ते सहज यायला लागले की पुढचं चिन्ह, आणि आधीच्याची उजळणी चालूच. जोडाक्षर फोडून दाखवायचं, ‘पुस्तक’ म्हणजे पु, अर्धा स, त, क. ऐकणं, म्हणणं, बघणं आणि हाताने काढणं एकत्र आणून लहान पायऱ्यांनी शिकवायची ही रीत अमेरिकेत सॅम्युएल ऑर्टन आणि ॲना गिलिंगहॅम यांच्या कामातून गेल्या शतकाच्या पूर्वार्धात उभी राहिली. विशेष शिक्षक, म्हणजे शिकण्यात अडचण असलेल्या मुलांना शिकवणारे, आजही याच तत्त्वांवर शिकवतात. सुरुवातीला फार हळू वाटेल. पण चौथीच्या पुस्तकाशी बरोबरी करायची घाई करू नका, जिथे तिचं पक्कं आहे तिथून सुरू करा, मग ते पहिलीचं का असेना.

हे घरी करायचं कुणी? तुम्ही. आईचा हात उठलाय म्हणजे ती थकली आहे, तिला यातून काही महिने मोकळं करा. तुम्हाला उतारे वाचायला जड जातं, सुटी अक्षरं येतात ना? तेवढं पुरे. तुमच्या भागात विशेष शिक्षिका मिळाली तर शिकवणं तिच्याकडे आणि घरी फक्त उजळणी.

दुसरी गोष्ट याच्याइतकीच महत्त्वाची आहे आणि घरोघरी तीच राहून जाते. वाचन सावकाश येईल, तोवर तिचं बाकीचं शिकणं थांबता कामा नये. वाचता येत नाही म्हणून धडा नाही, धडा नाही म्हणून शब्द आणि माहिती नाही, असं होत होत सातवीला पोचेपर्यंत तल्लख मूल खरोखरच मागे पडतं. तिला ऐकून लक्षात राहतं असं तुम्हीच लिहिलंय. मग बायकोने किंवा घरातल्या मोठ्या मुलाने परिसर अभ्यासाचा धडा मोठ्याने वाचून मोबाइलवर रेकॉर्ड करावा, तिने पुस्तकावर बोट ठेवून तो ऐकावा. बालभारतीची पुस्तकं पीडीएफमध्ये फुकट मिळतात. त्यातली पानं मोठ्या आकारात छापून घ्या. इटली आणि फ्रान्समधल्या मुलांवर २०१२ साली झालेल्या अभ्यासात, अक्षरांमधलं अंतर वाढवल्यावर डिस्लेक्सिया असलेली मुलं जास्त वेगाने आणि कमी चुका करत वाचू लागली होती. झेरॉक्सवाल्याकडे होण्यासारखं काम आहे.

आता तो वीस हजारांचा कोर्स. नको. पट्टी बांधलेली मुलं नाकाच्या कडेला राहिलेल्या फटीतून खाली बघून वाचतात. ती फट बंद केली की मेंदूची जागृती तिथेच संपते. आपलं मूल मागे पडतंय या भीतीवर चालणारा हा धंदा आहे आणि मला त्याचा संताप येतो, कारण पैशांबरोबर मुलाचं वर्षही जातं. आणि त्या खोलीत आपण फसवतोय हे त्या मुलांना कळत असतं, ते वेगळंच. रंगीत काचेचे चष्मे आणि डोळ्यांचे व्यायाम विकणारेही भेटतील. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या आणि नेत्रतज्ज्ञांच्या संघटनांनी २००९ साली एकत्र निवेदन काढून सांगितलं होतं की डिस्लेक्सियासाठी या उपचारांना शास्त्रीय आधार नाही. खास डिस्लेक्सियासाठी म्हणून निघालेल्या फॉन्टचीही तीच गत, फायदा झालाच तर मोठ्या आकाराचा आणि मोकळ्या जागेचा होतो. गोळी, टॉनिक, ब्राह्मीची वडी यांतल्या कशाने वाचन येत नाही.

सर्टिफिकेटकडे वळू. तपासणी आणि सर्टिफिकेट वेगवेगळ्या वेळी करता येतात, हे आधी बायकोला सांगा. तिची निम्मी भीती तिथेच जाईल. तपासणीत डोळे आणि कान बघतात, मानसशास्त्रज्ञ बुद्धीची चाचणी घेतात, विशेष शिक्षक वाचन-लेखन-गणिताच्या चाचण्या घेतात. यातून तिला नेमकं काय जमतं आणि कुठे अडतं ते कळतं. ही माहिती कुठल्याही कागदापेक्षा आधी हवी. एक आग्रह धरा: चाचणी मराठीतूनही व्हायला हवी. घरात मराठी बोलणाऱ्या मुलीची फक्त इंग्रजी वाचनावरून पारख करणं अन्याय आहे. मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने ‘डाली’ नावाचा चाचण्यांचा संच तयार केलाय, तो हिंदी, कन्नड, इंग्रजीबरोबर मराठीतही आहे. त्यातल्या शिक्षकांसाठीच्या चाळणीने कुणाला पुढे पाठवायचं ते शाळेतच ठरवता येतं. मुख्याध्यापकांच्या कानावर घाला.

सरकारी वाट जिल्हा रुग्णालयातून सुरू होते. मुंबईत शीव आणि नायर रुग्णालयांत ही तपासणी होते. तुमच्याकडे जिल्हा रुग्णालयात सोय नसेल तर पुढे कुठे पाठवतात ते तिथेच लेखी विचारा. एका फेरीत काम होणार नाही, तारखा लांबच्या मिळतात, तेव्हा पाळ्या बदलून घ्यायची तयारी ठेवा. बरोबर शाळेचं पत्र, प्रगतिपुस्तकं, तिच्या वह्या आणि डोळ्यांचा रिपोर्ट न्या. वह्या कोऱ्या करकरीत नकोत, खाडाखोड असलेल्या खऱ्या न्या. आणि जायच्या आधी तुमच्या आईशी बसा. तुम्ही बोलायला कधी लागलात, शाळेत काय काय झालं, तुमच्या मामा-काकांपैकी कुणाला वाचायचा त्रास होता का, हे सगळं तिथे विचारतात. ‘बापावर गेलीय’ म्हणणाऱ्या आजीकडे सगळ्यात चांगली माहिती असणार.

सर्टिफिकेटचा उपयोग पुढे होतो. १९९५च्या अपंग व्यक्ती कायद्यात सात प्रकार होते, त्यांत हे नव्हतंच. २०१६च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात २१ प्रकार आले आणि ‘विशिष्ट अध्ययन अक्षमता’ या नावाने डिस्लेक्सिया त्यात बसला. महाराष्ट्रात दहावीच्या मुलांना त्याच्या कितीतरी आधीपासून, १९९०च्या दशकापासून, सवलती मिळताहेत. पेपरला तासामागे वीस मिनिटं जास्त, गरज असेल तर लेखनिक, शुद्धलेखनाच्या चुकांचे गुण न कापणं, गणितात कॅल्क्युलेटर, भाषेच्या विषयात सूट, असं त्यात असतं. कुणाला काय लागतं ते तपासणीवरून ठरतं. अक्षमतेचं प्रमाण ४० टक्के किंवा जास्त निघालं तर उच्च शिक्षणात राखीव जागाही आहेत. हे सर्टिफिकेट वयाची आठ वर्षं झाल्यावर मिळतं, म्हणजे तुमची लेक त्या वयात आली आहे, आणि मोठं होताना पुन्हा तपासणी करावी लागते. बहुतेक पालक नववीत जागे होतात आणि बोर्डाच्या फॉर्मच्या तारखेशी शर्यत लावतात. तुम्हाला ती वेळ येऊ देऊ नका.

राहिलं लग्न. नऊ वर्षांच्या मुलीच्या लग्नाची काळजी आपल्याकडे केली जाते, मला त्याचं नवल उरलेलं नाही. पण तुमच्या बायकोला हसू नका, तिने आजूबाजूला बघूनच ही भीती धरली आहे. तिला एवढंच विचारा: तो कागद कपाटात असेल, आपण दाखवल्याशिवाय सोयरे तो मागायला येणार आहेत का? दहावीत दोनदा बसलेली मुलगी मात्र साऱ्या गावाला दिसते. आणि ज्याला ते कळल्यावर नकोशी होईल त्याच्या घरी तिला द्यायची घाई कशाला?

सेमी इंग्लिशचं तुम्ही विचारलं नाहीत, तरी सांगते. मराठी अजून बसलेली नसताना गणित आणि विज्ञान इंग्रजीतून म्हणजे तिच्यावर दोन लिप्यांचं ओझं. तोंडी हिशेबात पुढे असलेली मुलगी इंग्रजी शाब्दिक उदाहरणात हमखास अडेल. माझा कल पाचवीपासून पूर्ण मराठीकडे आहे. पण समजून घेणारी शाळा आणि तिच्या मैत्रिणी याच तुकडीत असतील तर मी हट्ट धरणार नाही.

शाळेशी बोलताना तक्रारीचा सूर नको, आणि दोन-तीनच नेमक्या गोष्टी मागा. वर्गासमोर उभं करून अचानक वाचायला लावू नये. फळ्यावरचं उतरवायला जास्त वेळ द्यावा किंवा मैत्रिणीच्या वहीचा फोटो काढू द्यावा. आठवड्यातून एकदा तरी तिचं उत्तर तोंडी ऐकावं. तिसऱ्या गोष्टीने बाईंचं मत तुमच्या कुठल्याही युक्तिवादापेक्षा लवकर बदलेल, कारण ही मुलगी काय काय जाणते ते त्यांना पहिल्यांदाच ऐकू येईल.

आणि आता जे मला सगळ्यात जास्त सांगायचंय ते. लेकीला तुमचं खरं सांगा. तुम्ही चष्म्याचं सांगता तेव्हा ती तुमच्याबरोबर असते ना? घरात चष्मा नाही हे नऊ वर्षांच्या मुलीला माहीत असतं. वाचता न येणं ही इतकी लाजेची गोष्ट आहे की बाबासुद्धा त्यासाठी खोटं बोलतात, एवढं ती त्यातून शिकते. आणि मग तीही शिकते, पोट दुखवून घ्यायचं, अंदाजाने ठोकून द्यायचं, वही लपवायची. वाचनाच्या अडचणीने माणसाचं जेवढं नुकसान होतं त्याच्यापेक्षा ती लपवण्याने जास्त होतं. बढती तुम्ही त्यासाठीच सोडत आला आहात. न वाचता कुठल्या कागदावर सह्या केल्या असतील ते तुमचं तुम्हाला ठाऊक.

मोठं भाषण लागत नाही. स्कूटरवर जाता जाता म्हणा, ‘मलापण लहानपणी असंच व्हायचं. अक्षरं पटकन जुळायची नाहीत. अजूनही मला वाचायला वेळ लागतो. तुझं डोकं चांगलं आहे, वाचायची रीत वेगळी लागेल, ती आपण शोधतोय.’ मग थांबा. पुढे ‘तरी बघ, मी किती कष्टाने’ वगैरे जोडू नका, त्याचा तिला उपदेश वाटेल. आइन्स्टाइनलाही डिस्लेक्सिया होता असं सांगू नका, त्याला भक्कम पुरावा नाही. अशा मुलांत काहीतरी अलौकिक देणगी असतेच, असंही कबूल करू नका. काहींत असते, काहींत नसते, इतर मुलांसारखंच. ती रडली तर रडू द्या. बहुतेक मुलं आधी एकच प्रश्न विचारतात, ‘तुम्हालापण मारायचे का?’ त्याचं उत्तर खरं द्या. आणि तिच्या आईसमोर द्या.

शेवटी तुमचं. डिस्लेक्सिया वयाने जात नाही, पण ४१व्या वर्षी काही होत नाही हे खोटं. तुमचीही तपासणी क्लिनिकल सायकॉलॉजिस्टकडे होऊ शकते, लेकीच्या वेळीच विचारून घ्या. मोबाइलवर बोलून लिहिता येतं हे तुम्ही आधीच हुडकलंय. छापील कागदाचा फोटो काढून तो मोठ्याने वाचून दाखवणारी ॲप्स मराठीतही आहेत. हस्ताक्षर आणि पुसट पावत्या त्यांना नीट जमत नाहीत. बँकेचा किंवा जागेचा कागद असेल तर जागेवर सही करायची नाही, झेरॉक्स घरी आणायची, बायकोने वाचायची, मग सही. पुस्तकं ऐकायची असतील तर कायदाही बाजूने आहे. २०१२च्या दुरुस्तीनंतर कॉपीराइट कायद्यात अपंग व्यक्तींसाठी पुस्तकं ऐकण्याजोग्या रूपात आणायला परवानगी आहे. छापील वाचू न शकणाऱ्यांसाठीचा माराकेशचा आंतरराष्ट्रीय करार २०१४ साली सर्वांत आधी भारताने मंजूर केला, आणि त्यात दृष्टिहीनांबरोबर डिस्लेक्सिया असलेलेही येतात. २०१६ पासून सुगम्य पुस्तकालय हे ऑनलाइन ग्रंथालय चालू आहे.

सुपरवायझरची जागा घ्या. शिफ्टच्या रिपोर्टला काय लागतं ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे: मशीन नंबर, किती वाजता बंद पडलं, काय बिघडलं, काय बदललं, किती वेळ गेला. ट्रिप, ओव्हरलोड, बेअरिंग, फेज गेला, कॉन्टॅक्टर जळाला, हेच वीस-पंचवीस शब्द फिरून फिरून येणार. त्यांची यादी बायकोकडून मोठ्या अक्षरात करून घ्या आणि पॅनल रूमच्या दाराला आतून चिकटवा. मोबाइलमध्येही ठेवा. साहेबांशी एकट्याने बोला, होकार देण्याआधी: ‘काम मला येतं, लिहायला वेळ लागतो. ठरलेल्या रकान्यांचा फॉर्म द्या, बाकीचं बोलून टाइप करीन, पहिला महिना कुणीतरी एकदा नजर टाकू दे.’ डिस्लेक्सिया हा शब्द तिथे उच्चारायचा की नाही ते तुम्ही ठरवा, साहेबांचा स्वभाव तुम्हाला ठाऊक. २०१६च्या कायद्याप्रमाणे प्रत्येक आस्थापनेला समान संधीचं धोरण ठेवावं लागतं, खाजगी कारखान्यालाही, पण ते पहिल्याच भेटीत काढायची गरज नाही. ते फॉर्मला नाही म्हणाले तर मला कळवा, मग पुढचं बघू.